डक्टेड गॅस हीटिंग

डक्टेड गॅस हीटिंग ही घरातील हवा एका मध्यवर्ती गॅसभट्टीत तापवून ती वायुवाहिन्यांच्या जाळ्यातून निरनिराळ्या खोल्यांत पोहोचविणारी घरगुती तापनपद्धती होय. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, विशेषतः मेलबर्न शहर व त्याच्या उपनगरांत, ही पद्धती अतिशय रूढ आहे. उत्तर अमेरिकेत याच तत्त्वावरील गरम हवेच्या भट्ट्या सर्रास वापरल्या जातात. ब्रिटनमध्ये मात्र गरम पाणी खेळविणारे रेडिएटर अधिक प्रचलित आहेत. या लेखात प्रामुख्याने व्हिक्टोरियातील घरगुती प्रणालीची रचना, वापर, देखभाल आणि सुरक्षितता यांचा विचार केला आहे.

भारतात अशी प्रणाली क्वचितच आढळते. त्यामुळे शिक्षण वा नोकरीनिमित्त मेलबर्नला गेलेल्या मराठी कुटुंबांचा तिच्याशी पहिला संबंध बहुधा भाड्याच्या घरात, भिंतीवरील एका लहानशा नियंत्रकाच्या रूपाने येतो. तेथील हिवाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे महाराष्ट्रात पावसाळा असताना असतो. जुलैमध्ये मेलबर्नचे सरासरी किमान तापमान ६ ते ७ अंश सेल्सिअस आणि कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास असते. निफाडसारख्या ठिकाणी पहाटेचा पारा याहूनही खाली जातो, परंतु तेथे दुपारी ऊन तापते. मेलबर्नला ढगाळ हवा आणि दक्षिणेकडील वारे यांमुळे दिवसभर गारठा टिकतो. शिवाय तेथील अनेक जुनी घरे लाकडी सांगाड्याची व अपुऱ्या उष्णतारोधनाची असल्याने कोंडलेली ऊब लवकर निघून जाते.

पार्श्वभूमी

मेलबर्नला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दगडी कोळशापासून काढलेला वायू मिळत असे. तो महाग असल्याने घर तापविण्यासाठी लाकूड, तपकिरी कोळशाच्या विटा आणि पुढे रॉकेलसारखे तेल यांचाच वापर अधिक होता. १९६५ मध्ये बास सामुद्रधुनीत बॅराकूटा हे नैसर्गिक वायूचे क्षेत्र सापडले आणि चित्र पालटले. १९६९ पासून हा वायू मेलबर्नला पोहोचू लागला. नैसर्गिक वायूचे उष्मामूल्य कोळशाच्या वायूच्या सुमारे दुप्पट असल्याने जुने बर्नर तसेच वापरणे शक्य नव्हते. म्हणून घरोघरी जाऊन उपकरणे बदलण्याची मोठी मोहीम राबविण्यात आली आणि १९७० च्या अखेरीस ती बहुतांशी पूर्ण झाली. स्वस्त व मुबलक वायू, पसरट एकमजली घरे आणि जमिनीखाली वा छपराखाली वाहिन्या नेण्यास असलेली भरपूर जागा या तीन गोष्टींमुळे पुढील दशकांत डक्टेड हीटिंग नव्या घराचा जवळजवळ गृहीत धरलेला भाग बनले.

एकाच स्रोतावर अवलंबून असण्याचा धोका २५ सप्टेंबर १९९८ रोजी दिसून आला. लाँगफर्ड येथील वायुप्रक्रिया प्रकल्पात स्फोट होऊन दोन कामगार मृत्युमुखी पडले व आठ जण जखमी झाले. त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ राज्याचा बहुतांश वायुपुरवठा बंद होता. सप्टेंबरअखेर म्हणजे तेथील वसंताचा आरंभ. हीच घटना जुलैत घडली असती तर लाखो घरांना ऐन थंडीत तापनाविना राहावे लागले असते.

रचना

प्रणालीचा मुख्य भाग म्हणजे भट्टी. स्थानिक भाषेत तिला नुसते 'हीटर' म्हणतात. ती घराबाहेर भिंतीलगत, लाकडी जमिनीखालच्या पोकळीत, छपराखाली किंवा क्वचित घरातील कपाटवजा कोनाड्यात बसविलेली असते. भट्टीत बर्नर, गॅसची झडप, प्रज्वलक, ज्योतीचा संवेदक, उष्णता-विनिमयक आणि दोन पंखे असतात. लहान पंखा ज्वलनासाठी लागणारी हवा खेचून जळालेले वायू धुराड्यावाटे बाहेर टाकतो; मोठा पंखा घरातील हवा फिरवितो.

उष्णता-विनिमयक हा या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. धातूच्या पोकळ कक्षांत किंवा नळ्यांत आतून जळते वायू आणि बाहेरून घरातील हवा वाहते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. उष्णता तेवढी धातूच्या भिंतीतून पलीकडे जाते. घरात येणारी गरम हवा म्हणूनच धूररहित असते. ही भिंत शाबूत असणे हा संपूर्ण प्रणालीच्या सुरक्षिततेचा पाया आहे.

भट्टीतून निघालेली हवा एका पेटीत येते व तेथून लवचीक, उष्णतारोधक आवरणाच्या वाहिन्यांतून प्रत्येक खोलीतील झरोक्यापर्यंत जाते. लाकडी जमिनीच्या घरांत झरोके जमिनीत, तर काँक्रीटच्या पायावरील घरांत छतात असतात. गरम हवा हलकी असल्याने ती वर चढते, त्यामुळे जमिनीतील झरोके अधिक परिणामकारक ठरतात. छतातून येणारी ऊब खाली बसलेल्या माणसापर्यंत पोहोचविण्यास हवेचा वेग जास्त लागतो. थंड झालेली हवा बहुधा बोळात असलेल्या एका मोठ्या जाळीतून भट्टीकडे परत जाते. या परतीच्या जाळीमागे धूळ अडविणारा फिल्टर असतो. म्हणजे ही प्रणाली बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, घरातीलच हवा पुन:पुन्हा तापविते.

पुष्कळ घरांत छतावर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा वेगळा कूलर असतो. त्याचे छतातील झरोके हिवाळ्यात उघडे राहिल्यास तापविलेली हवा त्यांतून निसटते. त्यामुळे थंडीच्या आरंभी ते बंद करण्याची वा कूलरवर आच्छादन घालण्याची पद्धत आहे. दोन्ही जाळ्या निराळ्या आहेत हे नव्या रहिवाशाला पुष्कळदा ठाऊक नसते.

कार्यपद्धती

खोलीचे तापमान ठरविलेल्या अंशाखाली गेले की थर्मोस्टॅट भट्टीला संकेत देतो. प्रथम ज्वलनाचा पंखा सुरू होऊन कक्षातील शिल्लक वायू बाहेर काढतो. हवा खरोखर वाहते आहे याची दाबदर्शक स्विचकडून खात्री झाल्यावरच प्रज्वलक तापतो किंवा ठिणगी पाडतो आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागल्याचे संवेदकाने काही सेकंदांत नोंदविले नाही, तर झडप आपोआप बंद होते. ज्योतीतून अतिशय सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू शकतो, या गुणधर्मावर बहुतेक आधुनिक संवेदक चालतात. काही अयशस्वी प्रयत्नांनंतर यंत्र स्वतःला कुलूपबंद करून घेते व नियंत्रकावर त्रुटीचा संकेतांक दाखविते.

ज्योत पेटल्यानंतर मोठा पंखा लगेच सुरू होत नाही. विनिमयक तापण्यास अर्धा-एक मिनिट दिले जाते, अन्यथा झरोक्यांतून प्रथम थंड हवेचा झोत आला असता. त्याचप्रमाणे इच्छित तापमान गाठल्यावर गॅस बंद झाला तरी पंखा थोडा वेळ फिरत राहतो. उरलेली ऊब घरात आणणे आणि विनिमयक हळूहळू थंड करणे असे दोन हेतू त्यामागे असतात. भट्टी चालू असताना भिंतीवरील मुख्य विजेचा स्विच थेट बंद करणे यासाठीच अयोग्य मानले जाते. प्रत्येक वेळी अशा प्रकारे बंद केल्यास धातूवर ताण येऊन तो लवकर निकामी होऊ शकतो.

जुन्या यंत्रांत प्रज्वलकाऐवजी सतत जळणारी लहान ज्योत असे. ती बारमाही वायू जाळते, म्हणून अशी यंत्रे उरली असतील तेथे उन्हाळ्यात ती विझविली जाते. प्रज्वलक, पंखे व नियंत्रक विजेवर चालत असल्याने वीज गेल्यास आधुनिक प्रणाली गॅस असूनही बंद पडते.

दैनंदिन वापर

वापरकर्त्याच्या हाती प्रत्यक्षात दोनच गोष्टी असतात: थर्मोस्टॅट आणि झरोके. हिवाळ्यात थर्मोस्टॅट १८ ते २० अंशांवर ठेवण्याची शिफारस केली जाते. त्यापुढील प्रत्येक अंशागणिक तापनाचा खर्च साधारणपणे ५ ते १० टक्क्यांनी वाढतो. मुंबई वा कोकणातून आलेल्या व्यक्तीस २० अंश हे तापमान गारच वाटते आणि आकडा २५ वर नेण्याचा मोह होतो. बिल आल्यावर तो ओसरतो. घरात स्वेटर व मोजे घालण्याची स्थानिक सवय यातूनच आलेली आहे.

आकडा ३० वर ठेवल्याने घर लवकर तापते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. साध्या भट्टीत ज्योत एकतर पूर्ण जळते किंवा बंद असते. आकडा फक्त कोठे थांबायचे ते सांगतो. ज्योत कमी-जास्त करू शकणाऱ्या भट्ट्यांतही मिळणारा लाभ किरकोळ असतो आणि तापमान हवे त्यापलीकडे जाण्याची शक्यताच अधिक असते. घरी कोणी नसताना हीटर मंद चालू ठेवणे स्वस्त पडते, हा समजही चुकीचा आहे. घर जितका वेळ उबदार, तितका वेळ उष्णता बाहेर जात राहते; काही तास बंद ठेवून पुन्हा तापविण्यास त्याहून कमी इंधन लागते. म्हणून उठण्यापूर्वी अर्धा तास सुरू होऊन, घराबाहेर पडताना आणि झोपताना बंद होईल असे वेळापत्रक नियंत्रकात भरून ठेवणे सोयीचे असते.

थर्मोस्टॅटची जागाही महत्त्वाची आहे. तो झरोक्यासमोर किंवा उन्हाच्या तिरिपेत असेल तर घर थंड असतानाच भट्टी बंद होते; दाराच्या फटीजवळ असेल तर ती थांबतच नाही.

न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांचे झरोके बंद केल्यास इंधन वाचते, परंतु या उपायाला मर्यादा आहे. भट्टीचा पंखा ठरावीक प्रमाणात हवा ढकलतो. फार झरोके मिटले तर हवेला वाट उरत नाही, विनिमयक प्रमाणाबाहेर तापतो आणि सुरक्षा-स्विच गॅस तोडतो. हे वारंवार घडल्यास धातूला तडे जाण्याचा धोका असतो. बैठकीचा भाग व झोपण्याचा भाग वेगळे चालविण्याची सोय हवी असल्यास यांत्रिक झडपांची विभागरचना मुळातच करावी लागते. सोय नसलेल्या घरात एक-दोन झरोके मिटण्यापलीकडे जाऊ नये.

हवेला परतीचीही वाट लागते. झोपण्याच्या खोलीचे दार घट्ट बंद असून त्याखाली फट नसेल, तर आत ढकललेली हवा बोळातील जाळीपर्यंत पोहोचत नाही. खोलीत दाब वाढून नवी ऊब येणे मंदावते आणि आतली हवा खिडकीच्या फटींतून बाहेर जाते. नवा जाड गालिचा अंथरल्यावर एखादी खोली अचानक थंड पडू लागल्यास बहुधा हेच कारण असते. जमिनीतील झरोक्यावर सोफा, पलंग किंवा लांब पडदा आल्यासही असाच परिणाम होतो. झरोक्यावर ओले कपडे वाळत घालणे तेथील पावसाळी हिवाळ्यात मोहाचे असले तरी त्याने हवा अडते आणि घरात दमटपणा व बुरशी वाढते.

इंधनवापर व कार्यक्षमता

व्हिक्टोरियात गॅसचे बिल मेगाज्यूलमध्ये येते आणि भट्टीची क्षमता ताशी मेगाज्यूल किंवा किलोवॅटमध्ये सांगितली जाते. १ किलोवॅट म्हणजे ताशी ३.६ मेगाज्यूल. उदाहरणार्थ, ताशी १०० मेगाज्यूल वायू जाळणारी भट्टी सुमारे २७.८ किलोवॅट दराने ऊर्जा वापरते. ही किती मोठी राशी आहे हे भारतीय स्वयंपाकघराच्या मापाने लवकर उमगते. १४.२ किलोग्रॅमच्या घरगुती सिलिंडरात सुमारे ७०० मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे जो सिलिंडर एखाद्या कुटुंबाला महिनाभर पुरतो, तो या भट्टीला अखंड चालल्यास सुमारे सात तास पुरेल. भट्टी अखंड जळत नाही, थांबून थांबून जळते. तरीही हिवाळ्यातील बिल उन्हाळ्याच्या कित्येक पट का येते ते यावरून स्पष्ट होते.

भट्टीवरील तारांकन तिची कार्यक्षमता दर्शविते. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. साध्या भट्टीत ही वाफ धुराड्यातून तशीच निघून जाते. उच्च तारांकित भट्टीत दुसरा विनिमयक असतो. तेथे वाफेचे पाणी होते व तिची सुप्त उष्णताही उपयोगात येते. अशा भट्टीची कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. तिच्या धुराड्यातून पांढरी वाफ व निचरा-नळीतून आम्लयुक्त पाणी येते. तो बिघाड नव्हे.

तारांकन मात्र भट्टीपुरतेच असते. तापविलेली हवा झरोक्यापर्यंत पोहोचेतो वाहिन्यांतून किती गळते, हा निराळा हिशेब आहे आणि अनेक घरांत तोच अधिक मोठा ठरतो. जुन्या वाहिन्यांवरील उष्णतारोधक थर पातळ असतो, सांध्यांवरील चिकटपट्टी वाळून सुटते, छपराखाली पॉसम व उंदीर आवरण फाडतात, जमिनीखाली वाहिनी ओल्या मातीवर लोळते. सुटलेल्या वाहिनीची घरमालकाला कित्येक हिवाळे कल्पनाही नसते. एक खोली 'मुळातच थंड' आहे असे मानून घरातले दिवस काढतात आणि भट्टी घराखालची पोकळी तापवीत राहते. नवी भट्टी घेण्याआधी वाहिन्यांची तपासणी करून घेणे म्हणूनच हितकारक असते.

देखभाल

घरच्या माणसाने करावयाची कामे थोडी आहेत. परतीच्या जाळीचा फिल्टर थंडीच्या दिवसांत दर महिन्या-दोन महिन्यांनी काढून व्हॅक्यूमने झाडावा किंवा कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. पाळीव प्राणी असलेल्या घरात तो लवकर भरतो. तुंबलेला फिल्टर हे कमी ऊब, वाढते बिल आणि वारंवार बंद पडणारी भट्टी या तिन्ही तक्रारींचे नेहमीचे कारण आहे. झरोक्यांच्या जाळ्या उचलून आतील धूळ, खेळणी व नाणी काढावीत. बाहेर बसविलेल्या भट्टीभोवतीचा पालापाचोळा दूर करावा. धुराड्याच्या तोंडाशी वेल, झुडूप वा रचून ठेवलेले सामान असू नये.

हिवाळ्यातील पहिल्या वापराच्या वेळी जळकट वास येतो. उन्हाळाभर विनिमयकावर साचलेली धूळ जळाल्याने तो येतो आणि खिडक्या उघडून थोडा वेळ भट्टी चालविल्यास जातो. तासाभरानंतरही वास टिकल्यास किंवा तो प्लॅस्टिक जळल्यासारखा असल्यास भट्टी बंद करून तंत्रज्ञास बोलवावे.

गॅसशी संबंधित कोणतेही काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञानेच करावे लागते. अन्य व्यक्तीने ते करणे व्हिक्टोरियात कायद्याने गुन्हा आहे. राज्याची ऊर्जा-सुरक्षा नियामक संस्था 'एनर्जी सेफ व्हिक्टोरिया' दर दोन वर्षांनी किमान एकदा संपूर्ण तपासणीची शिफारस करते. या तपासणीत गॅसचा दाब, बर्नरची स्वच्छता, ज्योतीचे स्वरूप, विनिमयकातील तडे, धुराड्याचे वहन, सुरक्षा-स्विच आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पाहिले जाते. केवळ फिल्टर धुऊन व जाळ्या पुसून दिलेली 'सर्व्हिस' ही तपासणी नव्हे. कार्बन मोनॉक्साइडची चाचणी झाली का, तिचा आकडा काय आला, हे लेखी मागून घेणे योग्य. पहिल्या थंडीच्या लाटेत तंत्रज्ञ मिळणे कठीण जाते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच वेळ ठरविणे सोयीचे पडते.

१९८० च्या दशकापर्यंत बनलेल्या काही हीटरांत ॲस्बेस्टॉसचे भाग असू शकतात. असे यंत्र घरच्या घरी उघडू नये.

सामान्य बिघाड

भट्टी सुरू होत नसल्यास तंत्रज्ञास बोलाविण्यापूर्वी काही गोष्टी पाहता येतात. नियंत्रकाच्या बॅटऱ्या उतरलेल्या आहेत का, तो 'हीट' ऐवजी 'फॅन' वा 'कूल' वर आहे का, भट्टीजवळचा विजेचा स्विच चालू आहे का, आणि शेगडी वा गिझर पेटतो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असल्यास दोष भट्टीत नसून पुरवठ्यात आहे.

पंखा फिरतो पण हवा थंड येते, असे असल्यास ज्योत लागत नाही किंवा अतितापाचा सुरक्षा-स्विच सुटला आहे असे समजावे. थोड्या थोड्या वेळाने भट्टी पेटून विझत असल्यास प्रथम फिल्टर व मिटलेले झरोके पाहावेत. कुलूपबंद झालेले यंत्र एकदा पुन्हा सुरू करून पाहण्यास हरकत नाही. परंतु तेच ते बटण दाबत राहणे धोक्याचे आहे, कारण यंत्राने गॅस कशासाठी तोडला हे त्यातून कळत नाही. सुरक्षा-स्विच तारेने जोडून निष्क्रिय करणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. पेटताना 'धप्प' असा आवाज येणे हे ज्योत उशिरा लागून साचलेला वायू एकदम पेटत असल्याचे लक्षण आहे. अशी भट्टी तपासणीपर्यंत बंद ठेवावी.

सुरक्षितता

कार्बन मोनॉक्साइड: वायू अपुऱ्या हवेत जळल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग, वास वा चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर व थकवा ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात, पण ताप नसतो. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे, घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे आणि परतल्यावर तो पुन्हा सुरू होणे ही ओळखीची खूण आहे. झोपेत असलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच बेशुद्धी येऊ शकते.

डक्टेड प्रणालीत ज्वलनकक्ष बहुधा घराबाहेर असतो, त्यामुळे धोका खोलीतील गॅस हीटरपेक्षा कमी असतो. पण तो शून्य नाही. विनिमयकाला तडा गेल्यास मोठ्या पंख्याची हवा ज्योत विस्कळीत करते आणि जळके वायू थेट गरम हवेच्या प्रवाहात मिसळून प्रत्येक झोपण्याच्या खोलीत पोहोचू शकतात. भट्टी घराच्या आत असल्यास आणखी एक कारण संभवते. परतीच्या वाहिनीत गळती असेल, किंवा स्वयंपाकघर व न्हाणीघरातील बाहेर हवा फेकणारे पंखे एकाच वेळी चालू असून घर घट्ट बंद असेल, तर घरात ऋण दाब निर्माण होऊन धुराड्यातील वायू उलटे आत ओढले जातात. थंडी रोखण्यासाठी भिंतीतील वायुवीजनाची छिद्रे बुजविणे या कारणाने जिवावर बेतू शकते. निळ्याऐवजी पिवळी वा नारिंगी ज्योत, काजळी, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त दव ही दोषाची चिन्हे आहेत; मात्र बंद पेटीतील ज्योत वापरकर्त्याला दिसत नाही आणि चिन्हे नसतानाही विषारी वायू असू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर उपयुक्त असला तरी तो तपासणीला पर्याय नाही.

२०१० मध्ये उत्तर व्हिक्टोरियातील मूरूप्ना येथे भाड्याच्या घरात सदोष गॅस हीटरमुळे दोन लहान भावांचा झोपेत मृत्यू झाला. त्यानंतर या वायूविषयी राज्यात मोठी जनजागृती झाली. महाराष्ट्रात न्हाणीघरात बसविलेल्या गॅस गिझरमुळे वेळोवेळी घडणाऱ्या मृत्यूंमागेही हेच कारण असते: बंद जागा, अपुरी हवा आणि कोणताही वास न येणारा वायू.

संशय आल्यास हीटर बंद करून सर्वांनी, पाळीव प्राण्यांसह, बाहेर पडावे आणि कोणास लक्षणे असल्यास ००० या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. परवानाधारक तंत्रज्ञाने तपासेपर्यंत यंत्र वापरू नये.

गॅसगळती: नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त संयुग मिसळलेले असते. हा उग्र वास स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या गळतीसारखाच असल्याने भारतीयांना लगेच ओळखू येतो. अशा वेळी विजेचे कोणतेही बटण दाबू नये, ज्योत पेटवू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, मीटरजवळची झडप नळीला आडवी होईल अशी फिरवून बंद करावी आणि घराबाहेर जाऊनच दूरध्वनी करावा. वितरक कंपनीचा गळतीसाठीचा क्रमांक गॅसच्या बिलावर छापलेला असतो. मीटर कोठे आहे हे नव्या घरात राहावयास गेल्याच दिवशी पाहून ठेवावे.

भाड्याच्या घरांतील तरतुदी

२९ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार व्हिक्टोरियातील घरमालकाने दर दोन वर्षांनी परवानाधारक वा नोंदणीकृत गॅस तंत्रज्ञाकडून भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची सुरक्षा-तपासणी करून घेणे, तिची नोंद ठेवणे व भाडेकरूने मागितल्यास ती देणे भाडेकरारान्वये बंधनकारक आहे. नादुरुस्त गॅस उपकरणाची दुरुस्ती तातडीच्या दुरुस्त्यांत मोडते. तपासणीचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही. परदेशातून आलेले विद्यार्थी घर जाईल या भीतीने हा कागद मागण्यास कचरतात. वास्तविक मागणी लेखी, म्हणजे ईमेलनेही, करता येते आणि ती करणे हा त्यांचा कायदेशीर अधिकार आहे.

सद्यस्थिती

व्हिक्टोरियात सुमारे २० लाख घरे व व्यवसाय वायुजाळ्याशी जोडलेले आहेत. बास सामुद्रधुनीतील साठे आटत चालले असून कार्बन उत्सर्जन कमी करण्याचे उद्दिष्टही राज्याने स्वीकारले आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने वायूला पर्याय देण्याचा आराखडा जाहीर केला आणि १ जानेवारी २०२४ पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅसजोडणी देणे बंद झाले. जुन्या घरांतील भट्ट्या चालू आहेत, परंतु त्या निकामी झाल्यावर अनेक कुटुंबे उष्णतापंपावर चालणाऱ्या रिव्हर्स सायकल वातानुकूलकाकडे वळतात. हा पंप उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतून आत आणतो, त्यामुळे एक एकक विजेत तीन ते पाच एकक उष्णता मिळू शकते. गॅसभट्टीला एक एककाहून अधिक मिळविणे शक्यच नसते.

जुन्या वाहिन्यांवर नवा पंप जोडण्याची कल्पना आकर्षक असली तरी बहुधा जमत नाही. गॅसभट्टीच्या तुलनेत पंपाची हवा कमी तप्त असते. तेवढीच ऊब देण्यासाठी ती अधिक प्रमाणात वाहावी लागते आणि त्यासाठी अधिक रुंद वाहिन्या लागतात. म्हणून अनेक घरांत वेगवेगळ्या खोल्यांत भिंतीवरील स्वतंत्र यंत्रे बसविली जातात. अशा वेळी जुनी भट्टी परवानाधारक तंत्रज्ञाकडून गॅसपासून तोडून घ्यावी लागते, आणि जमिनीतील झरोके उष्णतारोधक भरून बुजवावे लागतात. तसे न केल्यास घराखालची थंड हवा त्याच मोकळ्या वाहिन्यांतून वर येत राहते.